थोरल्याचं नाव

अण्णा, रागाने लिहायला बसलो आहे, तेव्हा ख्यालीखुशाली विचारत नाही. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, आता तरी सोडून द्या, असं बायको म्हणते. गेलेल्या माणसाशी कोण भांडतं, असंही म्हणते. मी भांडतो. तुम्ही होतात तेव्हा भांडायची सोय नव्हती. घरात कोणाचा आवाज चढला की तुम्ही आधी उठून खिडकी लावून घ्यायचात, आणि खिडकी लागली की आम्ही सगळे कुजबुजायला लागायचो. कुजबुजत कोणाला नीट भांडता येत नाही. आज रविवारची दुपार आहे, सगळ्या खिडक्या सताड उघड्या आहेत, एमआयडीसीकडून तो नेहमीचा आंबूस वास येतो आहे, आणि आतल्या खोलीत मोठी आई पडली आहे. हो, मोठी आई. तुम्ही ते म्हणणं बंद केलं होतंत, मी पुन्हा सुरू केलं आहे.

सगळी हकीकत तुम्हाला ठाऊकच आहे, पण तुम्ही ती एकदाही सरळ सांगितली नाहीत, म्हणून मी सरळ मांडतो. काका तुमचे थोरले भाऊ. दहावी झालेले, वर आयटीआय केलेले. तुम्ही सातवीत शाळा सोडलेली. काकांनी लग्नाआधीच डोंबिवलीच्या एका केमिकल कंपनीत अर्ज टाकला होता, त्यात घरची माणसं लिहिली होती: आईवडील आणि धाकटा भाऊ एक. मग त्यांचं लग्न झालं, मोठी आई घरात आली, संसार जेमतेम वर्षाचा झाला, आणि तापाच्या निमित्ताने ते गेले. मुलाखतीचं बोलावणं त्यानंतर आलं. तेव्हाच्या दाखल्यांवर फोटो नसायचे. आजोबांनी काकांचे दाखले तुमच्या हातात ठेवले आणि तुम्ही काका होऊन डोंबिवलीला आलात. निघताना अंगात काकांचा लग्नातला सदरा होता. तो मोठ्या आईनेच पेटीतून काढून तुम्हाला दिला होता. नवरा जाऊन महिना झाला नव्हता, पण घरात चूल पेटायला हवी हे तिलाही कळत होतं. तिने नाव दिलं ते नोकरीपुरतं. जन्माचं दिलं नव्हतं.

नोकरी तुम्ही फसवून मिळवलीत याचं मला काही वाटत नाही, हेही स्पष्टच लिहितो. कंपनीचं काही बुडालं नाही. रिअ‍ॅक्टरवर तुमच्यासारखा ऑपरेटर दुसरा नव्हता असं तुमच्याबरोबरची माणसं अजून सांगतात. आईपाशी तुम्ही एकदा म्हणालेलात, “नाव त्याचं, घाम माझा.” ते मी दाराआडून ऐकलं होतं आणि तेव्हा मला तुमचा अभिमान वाटला होता. घाम तुमचा होता, मान्य. पगार तुमचा, खोकला तुमचा, हातावरचे ते अ‍ॅसिडचे पांढरे डाग तुमचे. माझ्या नावात मधे काकांचं नाव लागलं, शाळेत हजेरीला मास्तर ते मोठ्याने घ्यायचे, तेही मी चालवून घेतलं. गणपतीला गावी गेलो की एसटीतून उतरताना तुम्ही पुन्हा धाकटे व्हायचात. वाडीतली म्हातारी माणसं तुम्हाला तुमच्या नावाने हाका मारायची, आणि तिसऱ्या हाकेला तुम्ही ओ द्यायचात. मला ती गंमत वाटायची. सगळ्यांच्याच वडिलांना दोन नावं असतात असं मी काही वर्षं धरून चाललो होतो.

गंमत संपली ती आजी गेल्यावर. गावचं घर बंद झालं आणि मोठ्या आईला तुम्ही डोंबिवलीला घेऊन आलात. मानपाड्याच्या त्या चाळीतल्या स्वयंपाकघरात, ती पाय धुऊन पाटावर टेकते न टेकते तोच, तुम्ही खिडकी लावलीत आणि नियम सांगितलेत. मी आईच्या मागे उभा होतो. तुम्ही म्हणालात, “इथे मी थोरला आहे. थोरल्याला वहिनी नसते.” काकांनी अर्जावर धाकटा भाऊ एक असं लिहून ठेवलं होतं, त्याच्याबाहेर जायची तुमची हिंमत नव्हती. म्हणून डोंबिवलीत मेला तो धाकटा. म्हणजे तुम्ही. आणि मोठी आई झाली तुमची विधवा, तुम्ही समोर बसून चहा पीत असताना. मी तिला मोठी आई म्हणायचं नाही, काकी म्हणायचं. तिने तुम्हाला भाऊजी म्हणायचं नाही, दादा म्हणायचं. आईने तिला जाऊबाई म्हणायचं नाही, नावाने हाक मारायची. गावात दरवर्षी आई वाकून तिच्या पाया पडायची. इथे ते उलटं झालं. मोठी आई सगळं ऐकून घेऊन एवढंच म्हणाली, की बरं, आता पीठ कुठे आहे ते दाखवा.

काकांचा एक फोटो होता, लग्नाच्या कोटातला. तो तुम्ही बाहेरच्या खोलीत लावलात, हार घातलात, आणि आल्यागेल्याला सांगायला लागलात, हा माझा धाकटा भाऊ. नाव विचारलं की स्वतःचं सांगायचात. माणसं हात जोडायची, त्यांच्याबरोबर तुम्हीही जोडायचात. पितृपक्षात काकांच्या तिथीला म्हाळ घालायचात तोही तुमच्याच नावाने. मोठी आई पहाटे उठून वडे, काळ्या वाटाण्याची उसळ, खीर असा सगळा स्वयंपाक करायची, पान वाढायची, आणि भटजी संकल्पात तुमचं नाव घ्यायचे. स्वतःच्या नवऱ्याचं श्राद्ध दिराच्या नावाने होताना बघणारी बाई मी दुसरी पाहिलेली नाही. तुम्ही पाहिली असलीत तर माहीत नाही.

आणि रोजचं तर वेगळंच. तिच्या पिढीतल्या बायका नवऱ्याचं नाव घेत नसत, तिनेही कधी घेतलं नव्हतं. चाळीत मात्र ते दिवसभर चालू असायचं. दूधवाला, पोस्टमन, युनियनचे लोक, शेजारचे, सगळे दारात उभे राहून काकांच्या नावाने हाक मारायचे. तिचा पोळीवरचा हात थांबायचा. मग आतून तुम्ही “आलो” म्हणायचात आणि तिचं लाटणं पुन्हा फिरायला लागायचं. मी जेवायला बसलेला असायचो, ते मला समोर दिसायचं. तुम्हाला दिसायचं की नाही, हे विचारायचं राहून गेलं.

आता दसऱ्याचं. तो दिवस तुम्हाला आठवत असेल, न आठवायला काही कारण नाही. कंपनीतले लोक सोनं द्यायला आले होते, तुमचे सुपरवायझर आणि त्यांची बायको, आणखी दोघंतिघं. खोलीत उभं राहायला जागा नव्हती. घरातल्या धाकट्यांनी थोरल्यांच्या पाया पडायची वेळ आली. मी पडलो. आई तुमच्या पाया पडली. मग सगळ्यांचं लक्ष दारात उभ्या असलेल्या मोठ्या आईकडे गेलं, कारण घरातली धाकटी आता तीच. ती पुढे आली आणि वाकली. तुमच्या थोरल्या भावाची बायको, तुम्हाला मुलाखतीला सदरा काढून देणारी, भरल्या खोलीत तुमच्या पायांवर डोकं टेकवत होती. तुम्ही पाय मागे घेतले नाहीत. एक पाऊल मागे सरकला असतात तर कोणाला काही कळलं नसतं, माणसाला अवघडल्यासारखं होतं एवढंच वाटलं असतं. उलट तुम्ही तिच्या डोक्यावर हात ठेवलात आणि सुखी राहा म्हणालात. अण्णा, माझ्या रागाचं मूळ शोधायला गेलं तर ते त्या हातापाशी आहे.

देवानेही मग तुमची थोडी गंमत केली. आपट्याची पानं देऊन झाली, फराळ सुरू झाला, तुम्हाला चिवड्यातली मिरची लागली, ठसका आला, आणि डोळ्यांत पाणी आलेल्या माणसाच्या तोंडून जे खरं तेच निघतं. तुम्ही म्हणालात, “वहिनी, पाणी.”

सुपरवायझरची बायको चलाख होती. हातातली बशी खाली न ठेवता ती म्हणाली, “धाकट्या भावाच्या बायकोला वहिनी म्हणतात तुमच्यात?” हसत हसतच म्हणाली, पण सगळे तुमच्याकडे बघायला लागले. तुमचा चेहरा मी आजही विसरलेलो नाही. इतक्या वर्षांची नोकरी त्या एका शब्दावर लटकली होती आणि तुम्हाला ठसक्याचंही भान राहिलं नव्हतं. आईने पदर तोंडाला लावला. पाण्याचा तांब्या घेऊन मोठी आई पुढे आली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, “मी माझ्या नवऱ्यापेक्षा वयाने मोठी होते. म्हणून दादा मला मानाने वहिनी म्हणतात.”

बायका हसल्या, सुपरवायझर हसले, तुम्हीही हसलात. नवऱ्यापेक्षा मोठी बायको म्हणजे हसण्याचाच विषय. काका तिच्याहून चांगले चार-पाच वर्षांनी मोठे होते, पण ते सांगणार कोण. तुमची नोकरी वाचली. तिचं मात्र चाळीत नाव वाईट झालं. मोठी बायको केली म्हणून तो पोरगा लवकर गेला, असं नळावर तिच्या पाठीमागे बोलायचे, नंतर तर तोंडावरही. एका वर्षाच्या संसाराची तिच्याकडे एक चांगली आठवण होती, तीही तिने तुमच्यावरून ओवाळून टाकली. त्या रात्री तुम्ही तिला काय म्हणालात? मला आशा होती, काही तरी म्हणाल. तुम्ही आईला सांगितलंत की यापुढे पाहुणे आले की तिला आतच ठेव.

त्याच वर्षी सहामाहीत गणितात मी नापास झालो आणि प्रगतिपुस्तकावर तुमची सही मीच ठोकली. म्हणजे काकांच्या नावाची सही, जी तुम्ही रोज कंपनीत करायचात. तुम्हाला कळलं तेव्हा पट्ट्याने मारलंत. मारताना म्हणत होतात, “दुसऱ्याची सही करतोस? लाज वाटत नाही?” मार मी विसरलो असतो, मुलं विसरतात. ते वाक्य कसं विसरू? तुम्हाला त्यातलं काही जाणवलंच नाही. तुमच्या लेखी ती सही खरोखरच तुमची होती. मला वाटतं, तोवर तुम्ही ढोंग करायचं थांबला होतात. ढोंगी माणसाला निदान आपण कोण ते आठवत असतं, दार लावून घेतलं की तो आपला मुखवटा काढून ठेवतो. तुमच्याकडे काढून ठेवायला काही उरलंच नव्हतं.

हे मी उगाच म्हणत नाही. तुम्ही रिटायर झालात त्या वर्षी पितृपक्षाच्या आधी मोठी आई तुमच्यासमोर येऊन बसली. दादा म्हणायचं तिने त्या दिवशी सोडलं. “भाऊजी, नोकरी संपली,” ती म्हणाली. “यंदा म्हाळ त्यांच्या नावाने घाला. त्यांचं नाव त्यांना द्या.” आयुष्यात तिने तुमच्याकडे मागितलेली ती एकच गोष्ट. तुम्ही हातातल्या पेपरची घडी घातलीत. मला वाटलं, पेन्शनचं कारण काढणार. तुम्ही ते काढलं नाहीत. “मग मी कोण, वहिनी?” असं म्हणालात. आवाज अगदी लहान होता. मोठी आई म्हणाली, “ते मला काय ठाऊक. मला माझं माणूस ठाऊक.” आणि तिथून उठली. म्हाळ त्या वर्षीही तुमच्याच नावाने झाला. मला तुमची कीव यायला हवी होती. आली नाही.

तुम्ही गेलात तेव्हाचं सांगतो, ते तुम्हाला माहीत असायचं कारण नाही. दहाव्याला खाडीच्या काठावर सगळी कंपनी लोटली होती. भटजींनी गेलेल्याचं नाव विचारलं. चारचौघांसमोर मी काकांचं सांगितलं. ज्या नावाने मिरवलात त्याच नावाने जा, असं मनात म्हटलं. पिंडाला कावळा शिवेना. तुमचे मित्र एकेक करून पुढे आले, मुलाला सांभाळू म्हणाले, बायकोला काही कमी पडू देणार नाही म्हणाले, एकाने तुमच्या आवडीचा कटिंग चहा आणून बाजूला ठेवला. कावळे समोरच्या भिंतीवर बसून बघत होते. हाक तुम्हाला नव्हतीच, तर तुम्ही येणार कसे, हे मला एकट्याला माहीत होतं. शेवटी दर्भाचा कावळा करून उरकलं. गावच्या सातबाऱ्यावर मात्र तुमचं खरं नाव अजून आहे. काका कागदावर उशिरा का होईना मेले, तुम्ही कागदावर मेलेलेच नाहीत.

मी ठाण्याला बँकेत आहे, शीळफाट्याच्या ट्रॅफिकमध्ये रोज जन्म घालवून जातो. तिथे माझं काम म्हणजे समोर आलेला माणूस तोच आहे ना, हे बघायचं. मध्यंतरी एक म्हातारी आली होती, तिचा अंगठा यंत्राला लागेना. भांडी घासून घासून रेषाच गेलेल्या. यंत्र म्हणतं, ही ती नव्हे. तिच्या शेजारची बाई काउंटरवर वाकून म्हणाली, साहेब, हीच ती, मी हिला लग्न होऊन आल्यापासून ओळखते. मी काम करून दिलं. माणूस तोच आहे हे शेवटी त्याला ओळखणाऱ्यानेच म्हणावं लागतं. तुम्हाला असं ओळखणारं डोंबिवलीत आईशिवाय एकच माणूस होतं, आणि त्याचं तोंड तुम्ही बंद करून ठेवलंत.

आई होती तोवर पेन्शनच्या भीतीने घरात काही बदलता आलं नाही. भिंतीवर तुमचा फोटो काकांच्या नावाने आणि काकांचा तुमच्या नावाने, शेजारी शेजारी. गेल्या वर्षी आई गेली आणि भ्यायला कोणी उरलं नाही. यंदा काकांच्या तिथीला मी भटजींना बोलावलं. पितृपक्षातली त्यांची धांदल, अजून चार घरं व्हायची होती. माझं पूर्ण नाव विचारून त्यांनी संकल्प सुरू केला आणि मग विचारलं, श्राद्ध कोणाचं, नाव काय. मी म्हटलं, काकांचं, वडिलांच्या थोरल्या भावाचं. नावापाशी मात्र माझी जीभ अडकली. ते नाव मी जन्मभर माझ्या नावात लावलं, तुमच्यासाठी हजार ठिकाणी सांगितलं, आता त्याच्या धन्यासाठी सांगायचं तर तोंडातून फुटेना. भटजी घड्याळाकडे बघायला लागले.

तेव्हा मोठी आई बोलली. भिंतीला टेकून बसली होती, पदर डोक्यावर घेतला, आणि नवऱ्याचं नाव घेतलं. उखाणा नाही, आढेवेढे नाहीत. पहिलं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, सगळं स्वच्छ आणि सावकाश. आवाज जरा चिरका झाला होता. भटजी म्हणाले, अहो, पण यजमानांच्या वडिलांचंही तेच नाव सांगितलंत ना? मी म्हटलं, भटजी, तुम्ही पुढे चला. ते पुढे गेले. मोठी आई रडली वगैरे नाही. ते नाव एकदा बोलून झाल्यावर ती पुन्हा पुन्हा ओठांतल्या ओठांत म्हणत होती, एवढंच.

हे पत्र कुठे जाणार नाही हे मला कळतं. मोठ्या आईलाही वाचून दाखवणार नाही, ती तुमचीच बाजू घेईल. घेईलच, कारण त्या दिवशी काकांचं पान घेऊन मी गच्चीवर गेलो तर ती मागून जिना चढत आली. गुडघे धरत, हातात आणखी एक लहान पान. वडा, उसळ, चमचाभर खीर. म्हणाली, “हे भाऊजींचं.” मी तिला सांगितलं की त्यांचं मी काही वाढणार नाही, या घरात त्यांच्या नावाचं पुष्कळ वाढून झालं आहे. ती म्हणाली, “तुला कोण सांगतंय? मी वाढलंय.” मग तिने तुमचं नाव घेतलं, तुमचं खरं, वाडीतलं, आणि पान काकांच्या पानापासून हातभर लांब ठेवून खाली गेली. कावळा शिवल्याशिवाय ती जेवणार नव्हती.

आमच्या गच्चीवर कावळे कमी आणि कबुतरं फार. बराच वेळ मी खाली आलो नाही, तेव्हा तिने जिन्यातूनच विचारलं, काय झालं. मी ओरडून सांगितलं की काकांच्या पानाला अजून कावळा शिवला नाही. खोटं सांगितलं, अण्णा. काकांचा वडा कावळ्याने मी गेल्या गेल्या उचलून नेला होता. मी काठी घेऊन तुमच्या पानावरची कबुतरं हाकलत उभा होतो.